रेघ मारलेलं नाव

या, असे जवळ सरकून बसा. आज सुडाची गोष्ट ऐकवायची आहे, तीही देवाचं नाव घेऊन, कारण या सुडात खोटं अक्षर एक नाही.

एक बाई होती. माणसाच्या रक्तात शिरून जीव घेणारी काही यीस्ट, म्हणजे सूक्ष्म बुरशी असतात ना, त्यांच्या जीनोमचा, म्हणजे सगळ्या जनुकांच्या आराखड्याचा, ऑनलाइन डेटाबेस ती सांभाळायची. नवा जीनोम आला की जुन्यांशी ताडून त्याचं गोत्र शोधायचं, हे तिचं काम. बारीकशी चूकही सुटायची नाही, म्हणून प्रयोगशाळेचे मोठे सर तिला चिडवायचे, ‘चाळणीबाई’. सरांचे नमुने मात्र तपासायचे नाहीत, असा दंडक होता.

तिची आक्का अशाच यीस्टने गेली. यीस्टची साधी जात आहे, असं सरांनी ठरवलं, साधं औषध दिलं गेलं, आणि आक्का गेल्यावर सर भावोजींना म्हणाले, "फार उशिरा आणलंत हो!" झालं. तेव्हापासून भावोजी ताटावर नुसते बसून राहायचे.

एक दिवस परदेशातून जीनोम आला, नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या यीस्टचा. बाईने ताडून पाहिला, तर तो हुबेहूब जुळला सरांनी नोंदवलेल्या आक्काच्या नमुन्याशी! म्हणजे तापाच्या पहिल्याच दिवशी आणलेली आक्का वेळेवरच आली होती, औषध चुकीचं दिलं गेलं होतं. ओळखायला चुकले होते सर. बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

परदेशातल्या डॉक्टरांना तिने ही जुळणी लगेच कळवली. रोग्यांचं अडायला नको. मग सरांसमोर उभी राहिली.

"भावोजींना एकदा सांगा सर, चूक तुमची होती."

"अगं चाळणीबाई, गेलेलं माणूस परत येतंय का? परवा माझं भाषण आहे. त्या नमुन्यावरचं जातीचं जुनं नाव गुपचूप पुसून टाक."

"पुसायचं नाही, रेघ मारायची आणि चुकणाऱ्याचं नाव खाली दाखवायचं, ही रीत तुम्हीच घातलीत."

"मग हात लावू नकोस! नोकरी नकोशी झालीय का?"

"बरं, सर," ती गोड आवाजात म्हणाली.

भाषणाच्या सकाळी तिने आक्काच्या नमुन्याच्या पानावर त्या जुन्या नावावर रेघ मारली. भावोजींना हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. सरांना मिरवायची भारी हौस! "हा पाहा माझा नमुना," म्हणत त्यांनी भल्यामोठ्या पडद्यावर तेच पान उघडलं. रेघ मारलेली जात, खाली सरांचं नाव, आणि कारण: ‘रुग्ण वेळेवर आली होती. ओळख चुकली.’

भावोजी एकेक शब्द लावत मोठ्याने वाचत होते, "वेळेवर... आली होती..."

सरांचा चेहरा पांढराफटक. "अहो बाई, हे पुसा ना!"

"पुसायची रीत नाही, सर."

बाईने त्यांना माफ केलं का? छे! सर जिन्याने खाली उतरेपर्यंत ती डोळे भरून बघत राहिली. मग भावोजींना जेवायला घेऊन गेली, आणि त्यांनी पुन्हा वाढायला सांगितलं.

हात जोडाल तेव्हा त्या आक्काची आठवण ठेवा, बरं का. ती वेळेवर आली होती.