निळ्या फितीची बरणी

मी बरणी आहे. लोणच्याची किंवा मुरांब्याची नव्हे, गार चहाची. जाड काच, रुंद तोंड, वर पत्र्याचं झाकण आणि खाली एक तोटी. मिसिसिपीच्या डेल्टात, कापसाच्या शेतांमध्ये बसलेल्या एका छोट्या गावातल्या चर्चच्या जेवणघरात मी राहते. माझ्या गळ्यात निळी फीत आहे आणि फितीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आहे. चिठ्ठीवर लिहिलंय, 'बिनसाखरेचा'.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका काचकारखान्यात झाला. जन्मताना फार भाजलं, एवढंच आठवतं. मग खोक्यात पेंढा, पेंढ्यात मी, आणि शेजारी हुबेहूब माझ्यासारखी दुसरी. चर्चच्या बायकांनी रस्त्याच्या कडेला तळलेले मासे विकून आम्हा दोघींना घरी आणलं. कित्येक वर्षं आमच्यात काही फरक नव्हता. दोघींतही चहा, दोघींतही साखर, आणि साखर अशी की चमचा बुडवला तर त्याने बाहेर यायला का कू करावं.

चहा करायची व्हर्लीन टब्स. चर्चमध्ये तिला सगळे मदर म्हणतात, तिच्याहून मोठे पुरुषसुद्धा. ती मोठ्या पातेल्यात चहा उकळायची, गरम असतानाच साखर विरघळवायची, निवल्यावर आमच्यात ओतायची. मयत असो, बारसं असो की रविवारचं जेवण, तिच्या हातच्या चहाला नाही म्हणणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावण्यासारखं होतं. तसं कुणी करत नसे.

मग नवे पास्टर आले. ऑल्टन क्रडप त्यांचं नाव. तरुण, चष्मा, आवाज मोठा. आल्या आल्या त्यांना इतक्या मयती कराव्या लागल्या की त्यांनी एका रविवारी प्रवचनातच विषय काढला. म्हणाले, या गावात सैतानाला कष्ट पडत नाहीत, त्याचं काम साखर करते. कुणाचे डोळे गेले, कुणाची मूत्रपिंडं गेली, आणि त्यांनी नाव घेतलं नाही तरी सगळ्यांनी मागे वळून डीकन होझियाकडे बघितलं.

होझिया हा चर्चचा डीकन, म्हणजे पास्टरांचा मदतनीस, आणि व्हर्लीनचा धाकटा भाऊ. त्याचा डावा पाय घोट्याच्या वरून गेलेला. तिथे आता बनवलेला पाय आहे, बूटमोजा घालून तो झोकात चालतो. पण त्या हिवाळ्यात उजव्या तळव्याला एक जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की ईस्टरपर्यंत शुगर खाली आली नाही, तर हाही पाय काढावा लागेल. हे त्याने बहिणीला सांगितलं तेव्हा मी शेजारीच होते. ती पातेलं घासत राहिली.

पास्टरांच्या प्रवचनानंतर चर्चमध्ये जो वाद पेटला, त्यापुढे निवडणुका फिक्या. एक म्हणे, साखरेचा काय दोष, आमचे आजोबा काकवी ओतून पाव खायचे आणि नव्वदीत गेले. दुसरा म्हणे, आजोबा दिवसभर कापूस खुरपायचे, तू दिवसभर टीव्ही खुरपतोस. कुणाला वाटे सगळं पिठात आहे, कुणाला वाटे रक्तातच आहे, आणि एका बाईंचं ठाम मत होतं की गावातलं भाजीचं दुकान बंद झालं त्या दिवसापासून हे सुरू झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मला मौज एवढीच वाटायची की हे सगळं बोलताना प्रत्येकाच्या ताटात पीचचा पाय, म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, असायचा, आणि तो मात्र वादाच्या बाहेर होता.

शेवटी तोड निघाली. एका बरणीत गोड, एका बरणीत बिनसाखरेचा. माझ्या जोडीदारिणीला लाल फीत मिळाली, मला निळी. डीकन होझियाने सगळ्यांसमोर उठून शपथ घेतली की आजपासून मी निळ्या फितीचाच. मला भरून आलं. इतक्या वर्षांत माझ्यावर पहिल्यांदाच कुणाचं काही अवलंबून होतं.

पहिले काही दिवस मी खरोखर बिनसाखरेची होते. तेही सांगून टाकते, चव भयंकर होती. लोक ग्लास भरायचे, एक घोट घ्यायचे, आणि ग्लास असा अलगद ठेवायचे की जणू त्यात कुणीतरी झोपलंय. व्हर्लीन स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असे. एकदा नवऱ्याला पुरून आलेली एक म्हातारी जेवायला बसली. तिने माझा एक घोट घेतला, व्हर्लीनकडे बघून कसंबसं हसली, आणि ग्लास दूर सारला.

दुसऱ्या दिवशी व्हर्लीनने पातेल्यातला चहा दोन ठिकाणी काढला. लालच्या वाट्यात नेहमीसारखी साखर पडली. मग ती माझ्या वाट्यासमोर जरा वेळ उभी राहिली, दाराकडे बघितलं, आणि मूठभर साखर त्यातही टाकली. अगदी थोडी. नुसता कडूपणा मारण्यापुरती.

आता पोटात एक आणि गळ्यात एक, अशी माझी गत झाली. बरणीला बोलता येत नाही, आणि काच पारदर्शक असली तरी विरघळलेली साखर कुणाला दिसत नाही.

गोष्ट तिथेच थांबली असती तर फार बिघडलं नसतं. पण लोकांनी स्तुती सुरू केली. मदर, तुमच्या बिनसाखरेच्या चहाची सर कशाला नाही. मदर, आता सवय झाली हो, साखरेची आठवणही येत नाही. पास्टर तर म्हणाले की माझी जीभच सुधारली, आता मला चहाच्या पानाची खरी चव कळते. स्तुती कुणाला नको असते? मूठ मोठी होत गेली. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, मी गोड झाले एवढाच फरक. लाल फीतवाली रिकामी न होता तशीच उभी राहायची आणि मी दिवसातून दोनदा भरली जायची.

सगळ्यात जास्त प्यायचा होझिया. दुपारी म्हाताऱ्यांची जेवणं चर्चमध्येच असत, तेव्हा तो रोज यायचा. पूर्वी गोड चहा पिताना निदान मन खात असे, दोन ग्लासांवर थांबायचा. आता कसली भीती? पाण्याऐवजी मीच. शिवाय संध्याकाळी घरी न्यायला बहीण त्याला एक वेगळी काचेची छोटी बरणी भरून द्यायची. आणि दर खेपेला सांगायची, पायाला जप रे.

ईस्टरच्या आधी दवाखान्याची गाडी आली. पास्टरांनीच बोलावली होती. कोणत्या फितीचा चहा पिता ते विचारून नर्सने सगळ्यांचं रक्त घेतलं. पुढच्या रविवारी जेवणाआधी सभा भरली आणि पास्टरांनी निकाल वाचला. वाचताना त्यांचा मोठा आवाज बारीक होत गेला. निळ्या फितीवाल्यांची शुगर वाढली होती. होझियाची सर्वांत जास्त.

काकवीवाल्यांनी मागच्या बाकावर एकमेकांचे हात दाबले. तेवढ्यात होझिया उठला.

तो म्हणाला, "पास्टर, तुम्ही भले माणूस आहात, पण तुम्हाला कुणीतरी फसवलंय. मी शपथ घेतल्यापासून गोड चहाच्या थेंबालाही शिवलो नाही. पाणीसुद्धा कमी पितो, सगळा निळ्या फितीचाच चहा. जखम तशीच, आकडा वर. याचा अर्थ साखरेचा काही संबंध नाही. डॉक्टरही खोटं बोलतात, त्यांची गोळी खोटी आणि सुईही खोटी. मंगळवारी मी दवाखान्यात जाणार नाही. परत कधीच जाणार नाही. पाय जायचाच असेल तर निदान गोड चहा पिऊन जाऊ दे."

कुणीतरी मागून 'आमेन' म्हणालं. होझियाने रिकामा ग्लास उचलला आणि लाल फितीकडे चालायला लागला. एक पाऊल त्याचं आणि एक बनवलेलं. मला बोलता येत नाही याचं दुःख इतकी वर्षं कधी झालं नव्हतं, त्या दिवशी झालं.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. व्हर्लीन ॲप्रनला हात पुसत बाहेर आली आणि त्याच्या आणि बरणीच्या मध्ये उभी राहिली.

"ताई, बाजूला हो."

"नाही होत. होझिया, खाली बस. मी निळ्या बरणीत साखर घालत होते."

पास्टरांच्या हातात माझाच भरलेला ग्लास होता. त्यांनी तो वर धरून उजेडात बघितला आणि हळूच टेबलाखाली ठेवला. सुधारलेल्या जिभेबद्दल त्यांनी पुढे कधी काही सांगितलं नाही.

होझियाने विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्याच आठवड्यापासून. आधी थोडी होती. मग तुम्ही सगळे छान म्हणायला लागलात."

"आणि मी घरी न्यायचो, ती बरणी?"

व्हर्लीन ॲप्रनचं टोक पिळत राहिली. "त्यात जरा जास्त," ती म्हणाली. "तू माझा भाऊ आहेस."

कुणी हसलं नाही. मला वाटतं त्या खोलीतल्या प्रत्येकाला हे कळलं होतं. तिथल्या प्रत्येक बाईने कुणाच्या ना कुणाच्या पानात असं जास्त वाढलं होतं.

व्हर्लीन मग पुढे बोलली, पण भावाकडे न बघता. आई म्हणायची, दारी आलेल्याला नुसतं काळं पाणी दिलं तर त्याला समजतं की तू आला नसतास तर बरं झालं असतं. माझ्याच्याने नाही झालं. तू एका पायावर उभा राहून ग्लास पुढे करायचास, आणि मी तुला काळं पाणी देऊ? एवढं बोलून तिने ॲप्रन काढला, घडी घातली, पास्टरांसमोर ठेवला आणि घरी निघून गेली. होझिया खुर्चीत बसून राहिला. ग्लास त्याच्या हातात तसाच रिकामा होता.

त्या दिवशी सभेत पुढे काहीच ठरलं नाही. सगळ्यांनी पाण्याबरोबर जेवण केलं, पीचचा पायही पुष्कळ उरला.

मंगळवारी होझिया दवाखान्यात गेला. नर्सला खरी हकीकत सांगितली तेव्हा ती म्हणे हसू दाबत काही आणायला म्हणून शेजारच्या खोलीत गेली आणि बराच वेळ आली नाही. डॉक्टरांनी इन्सुलिनच्या सुईचं प्रमाण बदललं, पायाचा निर्णय पुढे ढकलला.

इकडे चहा कुणी करावा हा प्रश्न पडला. एकीने केला तो गढूळ झाला, दुसरीचा कडवट. बहीणभावांचं बोलणं बंदच होतं. चर्चमध्ये ती एका टोकाला बसे, तो दुसऱ्या. एका दुपारी होझिया ॲप्रन घेऊन तिच्या दारात गेला. हे मला तो पास्टरांना सांगत होता तेव्हा कळलं. तो तिला म्हणाला, "चहा तूच कर. पण मी समोर खुर्ची टाकून बसणार."

तेव्हापासून तसंच चाललंय. ती चहा उकळते आणि तो तिच्या हातांवर नजर ठेवून बसतो. माझा वाटा वेगळा काढेपर्यंत तिचे हात एकदा तरी साखरेच्या डब्याकडे जातात, आणि तो फक्त घसा खाकरतो. चहा निवेपर्यंत मग व्हर्लीनची पाळी. ती चष्मा लावते, त्याच्यासमोर जमिनीवर बसते, बूटमोजा काढून त्याचा उजवा पाय मांडीवर घेते आणि तळवा, बोटं, बोटांच्या मधली जागा, सगळं बॅटरी लावून बघते. जखम लहान झाली आहे. पुरती भरलेली नाही. व्हर्लीन ती रोज आहे तेवढीच सांगते, कमी करून सांगत नाही.

माझी चव आता पुन्हा भयंकर आहे. लोक तोंड वाकडं करतात आणि पितात. वाद अजून चालूच आहेत, सध्या पिठावर आलेत. माझी तोटी झिजली आहे, थेंब थेंब गळते, आणि बायका नवी प्लास्टिकची बरणी आणायचं बोलत आहेत. आणा, मी अडवणार नाही. पण एक विनंती आहे. मला अजून थोडे दिवस या टेबलावर राहू द्या. होझिया रोज दुपारी ग्लास घेऊन माझ्याकडे येतो. अजून चालत येतो. तेवढं मला बघू द्या.