पालथी पुंगळी

रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी नेमबाजीच्या रेंजवर शेजारच्या सत्यजितने चौथ्यांदा चाप ओढला आणि गोळी नळीतून बाहेर आलीच नाही.

आवाज झाला, पण बाटलीचं बूच निघावं एवढाच. कानांवर जाड हेडफोन होते, त्यामुळे सत्यजितला काही वेगळं वाटलं नाही. तो पाचव्यांदा चाप ओढणार, तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या प्रल्हाद काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब. बोट काढ. नळी समोरच राहू दे."

पाचवी गोळी सुटली असती, तर नळीत अडकलेल्या चौथीवर आदळली असती आणि रिव्हॉल्व्हर सत्यजितच्या हातातच फुटलं असतं.

रेंजवरच्या माणसाने पितळी कांडीने ठोकून अडकलेली गोळी काढून दिली. नळीतल्या आट्यांच्या खुणा तिच्या अंगावर चारी बाजूंनी सारख्या उमटल्या होत्या. माप अचूक होतं. काडतुसाच्या पुंगळीत दारू नव्हती; नुसत्या बुडाच्या टोपीच्या ठिणगीने गोळी नळीत ढकलली गेली होती.

गोळी प्रल्हाद देवस्थळींनी स्वतः ओतली होती, काडतूसही त्यांनीच भरलं होतं. वय चौऱ्याहत्तर. मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर अमेरिकेत ईडन प्रेरीच्या घरातल्या गॅरेजमध्ये त्यांनी हा छंद लावून घेतला. शिशाचा मऊ तुकडा नळीतून ढकलून ते आधी आतलं माप घेत. गोळी त्याहून केसभर मोठी हवी, असं ते म्हणत. सैल राहिली तर वायू बाजूने निसटतो आणि शिसं नळीला चिकटतं.

पण त्यांचा जीव खरा रमायचा तो ओतण्यात. शिसं वितळलं की मळ वर येतो. तो काढला की खाली आरसा. उघड्या दारातून येणारा बर्फाचा उजेड त्यात हलायचा, छप्पर उलटं तरंगायचं, आणि वाकून पाहिलं तर एक चेहरा दिसायचा. तो आपलाच आहे हे लक्षात यायला दर वेळी थोडा वेळ लागायचा.

परतताना गाडी सत्यजित चालवत होता.

"काका, रुचाला सांगायची काय गरज आहे यार? मी ठीक आहे ना."

"काका म्हण, नाहीतर यार म्हण. दोन्ही एकदम नको."

"बरं, काका. उरलेल्यांचं वजन करून बघा. रिकामं असेल ते हलकं लागेल."

"घरी ओतलेल्या गोळ्या आहेत. एकीच्या पोटात हवेचा बुडबुडा, दुसरीच्या नाही. दारू असते चिमूटभर. हलकं लागलं तर दारू कमी की शिसं कमी, ते काट्याला कळत नाही. उघडूनच बघावं लागेल."

रुचा त्यांची मुलगी, दूर ॲन आर्बरला असते. पानगळीच्या दिवसांत प्रल्हाद दूध आणायला निघाले आणि भलत्याच तळ्याकाठी पोहोचले. इंजिन बंद करून पाण्याकडे पाहत बसले. पाण्यावर पिवळी पानं होती, फार छान वाटत होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. दूध आठवलं नव्हतं. तेव्हा रुचाने गाडीची किल्ली मागितली. ते म्हणाले होते, "ज्या दिवशी गॅरेजमध्ये माझ्या हातून चूक होईल, त्या दिवशी किल्ली तुझी." "डील, बाबा," ती म्हणाली होती.

दुपारी त्यांनी उरलेली काडतुसं उघडायला घेतली. प्लॅस्टिकच्या हातोड्याच्या पोकळ डोक्यात काडतूस बसवायचं आणि लाकडावर ठोकायचं. गोळी सुटते, मागोमाग दारू. समोर त्यांची बायको नीलांबरी जुनी ताटली धरून बसली होती. प्रत्येक ठोक्याला राखाडी दाणे ताटलीत पडत होते, खसखशीसारखे हलके.

"अहो, भरताना दिसत नाही का आतलं?"

"दिसतं. मी टॉर्च लावून बघतो."

"मग या वेळी बघितलं होतं?"

बघितलं होतं. एकेक पुंगळी त्यांना आठवत होती, तळाशी टॉर्चचा गोल उजेड, त्यात दाणे. सगळं इतकं स्वच्छ आठवत होतं की ते गुरुवारचं होतं की आत्ता इथे बसून दिसत होतं, हे त्यांना सांगता येईना.

"पुंगळ्या ठोकळ्याच्या भोकांत उभ्या करतो," ते सावकाश म्हणाले. "पालथी म्हणजे रिकामी, सरळ म्हणजे भरलेली. चुकणार कसं?"

नीलांबरीच्या हातातली ताटली थोडी कलली.

"गुरुवारी तुम्ही चहाला आत आलात ना, तेव्हा मी गॅरेजचा दिवा घालवायला गेले होते. सगळ्या सरळ होत्या, एकच पालथी. मी ती सरळ केली."

"का?"

"दारातली पालथी चप्पल सरळ करते, तशी."

"ठोकळ्याला हात लावू नको, असं किती वर्षं सांगतोय मी?"

"लावला नाही हो. नुसती सरळ केली."

प्रल्हाद हसले. सकाळपासून पहिल्यांदाच.

"म्हणजे चूक तुझी."

"माझी."

"रुचाला असंच सांगशील?"

"सांगेन की. मला कुठे गाडी चालवायची आहे?"

मग ठोके जलद पडू लागले. प्रल्हाद गुणगुणत होते. बाहेर बर्फ पडत होता आणि आतल्या उजेडाला दुधाचा रंग आला होता. शेवटची चार-पाच काडतुसं उरली असताना एक गोळी सुटून ताटलीत पडली. मागोमाग काही आलं नाही.

त्यांनी हातोडा झटकला. पुंगळी काढून टॉर्च लावला. तळ स्वच्छ, पिवळा.

त्यांनी ती ठोकळ्यात पालथी ठेवली.

"दोन होत्या का गं?"

"असतील."

"आठवून सांग."

"दोनच होत्या," नीलांबरी म्हणाली. "शेजारी शेजारी."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती ताटलीत बोटाने दाणे एका बाजूला सारत होती. त्यांनी पुढचं काडतूस उचललं. त्यात दारू होती. उरलेल्यांतही होती.

रात्री रुचाचा फोन आला. दोन पालथ्या पुंगळ्या आपणच सरळ केल्या, असं नीलांबरीने तिला सांगितलं. प्रल्हाद शेजारीच बसले होते. सकाळी नळीत अडकलेली गोळी त्यांनी खिशातून बाहेर काढली होती आणि तिच्या अंगावरच्या खुणांवरून अंगठा फिरवत होते. रुचाने बाबांना फोन द्यायला सांगितलं. त्यांनी हातानेच नको म्हटलं.

मंगळवारी फ्रीजमधलं दूध संपलं. बुधवारी सकाळी नऊ वाजले तरी प्रल्हाद दूध आणायला निघाले नव्हते; गाडीची किल्ली दाराजवळच्या खुंटीवरच होती.