बाराच्या भोंग्याची झालर

संग्रहालयाचं कपाट आलं आणि सरलाबाई मैत्रीण मंगलाचा हात धरून कडेला जाऊन बसल्या.

कपाट तसं देखणं होतं. सागवानी चौकट, पुढे काच, आत पांढरी ट्यूबलाइट. हमालांनी ते राममंदिराच्या हॉलच्या मधल्या भिंतीला लावलं, सुताराने खालची फळी ठोकली आणि संग्रहालय मांडणाऱ्या निवेदिताने रामाच्या पाळण्याची झालर आत टांगून पाहिली. पट्ट्यांमागून पट्ट्या, शेजारी शेजारी, सगळ्या क्रोशाच्या. झालर मावली, फक्त शेवटची पट्टी मावेना. बाकीच्या कुठे चार बोटं, कुठे वीतभर, कुठे दीड वीत. ही एकटीच गुडघ्याच्या खाली लोंबणारी.

"हिला मागे दुमडून टाकू," निवेदिता म्हणाली. "काकू, समोरून दिसणारसुद्धा नाही. नाहीतर लोक विचारतील ना, ही क्या गडबड झाली म्हणून."

सरलाबाई नुसत्या "हूं" म्हणाल्या आणि पदराला हात पुसत बसल्या. हात कोरडेच होते.

मंगलाने त्यांना कोपराने ढोसलं. "बोल ना गं! तोंडात सुपारी आहे का?"

"राहू दे."

"राहू दे काय? बाबूराव भावजींची पट्टी आहे ती!"

"म्हणूनच राहू दे. सांगायला गेलं की लोक पुन्हा हसतील. एकदा हसले तेवढं पुष्कळ झालं."

आता हे हसणं कसलं, ते कळायचं तर मिलच्या राममंदिरात जाऊन बसायला हवं, चैत्राच्या नवमीला, सकाळच्या उन्हात, सतरंजीवर.

मिलच्या फाटकाला लागूनच ते मंदिर होतं. लहानसंच. पण रामनवमीचं कीर्तन असं रंगायचं की सांवेरकडून लोक बैलगाडीने यायचे, पुढे ट्रॅक्टरने यायला लागले. बुवा देवासचे. आवाज खडीसाखरेसारखा, आणि विनोद अस्सल इंदुरी. कौसल्यामाईला डोहाळे लागले तर ते थेट सराफ्याच्या खाऊगल्लीतल्या भुट्ट्याच्या किसाचे! "राजा दशरथ म्हणाला, रानी, और कुछ? तर कौसल्या म्हणते कशी, महाराज, ऊपर से जरा जीरावन मसाला डलवा दो." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि त्याच श्वासात बुवा असा आर्त सूर लावायचे की हसता हसता डोळे भरून यायचे. जो कीर्तनात बसला आहे त्यालाच कळेल की ही दोन्ही पाण्यं एकाच विहिरीतली.

आणि या बायकांचे हात कधी रिकामे नसत. क्रोशाची विद्या त्यांच्याकडे कुठून आली, याच्या गोष्टी चार. महूच्या छावणीतल्या कुणा मडमेने एका मराठी आयाला शिकवलं, तिने आपल्या लेकींना, असं म्हातारी माणसं सांगायची. एवढं खरं की मिलमधल्या जोडाऱ्याची, कारकुनाची, मास्तरची बायको, सगळ्या विणायच्या. मिलचं उरलंसुरलं सूत दुपदरी पिळून घ्यायच्या आणि त्यातून परकराच्या कडा, रेडिओवरचे रुमाल, देव्हाऱ्याची तोरणं निघायची.

रामाच्या पाळण्याची झालर मात्र घरी विणायची नाही, अशी रीत होती. ती कीर्तनातच विणायची. बुवांनी नमन धरलं की सगळ्यांत वयस्क बाई पहिली साखळी घाली. चार खांब, म्हणजे उभे टाके, झाले की सुई-दोरा शेजारणीच्या मांडीवर. असं मांडीवरून मांडीवर ते काम फिरत राही. बुवांनी गजर धरला की टाके घट्ट पडत, करुण प्रसंग आला की सैल. पट्टी किती लांब व्हायची, हे कुणी ठरवत नसे. ते ठरवायचा भोंगा.

मिलचा बाराचा भोंगा! राम जन्मला माध्यान्ही, आणि माध्यान्ह झाली हे त्या वस्तीला भोंगाच सांगायचा. बुवा आख्यान बरोबर तिथवर आणून उभे राहायचे, भोंगा वाजायचा, गुलाल उधळायचा, आणि बाईच्या हातातली सुई असेल त्या टाक्याला खाली. अर्धा खांब राहिला तरी राहिला. तिथेच गाठ मारायची आणि पट्टी पाळण्याला जोडायची. ज्या वर्षी बुवांची बस बिघडली, त्या वर्षीची पट्टी चार बोटं. पण कुणी ती वाढवली नाही. देव जन्मल्यावर कसलं विणणं?

भोंग्याची दोरी सरलाबाईंच्या यजमानांच्या हातात असायची. बाबूराव बॉयलरवर होते. त्यामुळे झालं असं की उभ्या वस्तीला रामजन्म कळवणाऱ्या या माणसाने स्वतः रामजन्म कधी पाहिलाच नाही. बाराला ते तिकडे, दोरीपाशी. घरी आले की विचारायचे, "काय गं, झाला का?" आणि सरलाबाई त्यांच्या हातावर सुंठवडा ठेवून म्हणायच्या, "तुम्हीच तर केलात."

मग ते वर्ष आलं. गिरण्या एकामागून एक बसत होत्या. पेपरात रोज नवं धोरण, खुला बाजार, परदेशी माल. आणि एके सकाळी इथल्याही फाटकाला कुलूप. दोन महिन्यांनी रामनवमी. बाबूराव धोतर-टोपी घालून, नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच, पुरुषांच्या बाजूला खांबाला टेकून बसले.

बुवांनी त्या दिवशी जीव ओतला. कौसल्येच्या महालात दिवे लागले, वारा थांबला, शरयूचं पाणी थबकलं... आणि बुवाही थबकले. हात वर, चिपळ्या वर, कान फाटकाकडे. इतक्या वर्षांची सवय. भोंगा वाजणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ऐन वेळी सगळेच विसरले होते!

बुवांनी आख्यान लांबवलं. शरयूच्या काठची झाडं आली, झाडांवरचे पक्षी आले, वसिष्ठ आले, पुन्हा एकदा शरयू आली. बायका विणत राहिल्या. थांबा म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून सुई थांबली नाही. पट्टी मांडीवरून सतरंजीवर उतरली. ऊन उंबऱ्यावरून सरकलं. तबलजी घाम पुसत बुवांकडे बघत होता, बुवा फाटकाकडे, आणि हळूहळू सगळं मंदिर बाबूरावांकडे बघायला लागलं.

बाबूराव उठले. टोपी सारखी केली. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि छातीत होता नव्हता तेवढा वारा भरून त्यांनी आवाज काढला, "भोंऽऽऽऽ..."

तसाच. आधी खालून, मग चढत जाणारा, मग एका पट्टीत लांब.

सुई खाली पडली. गुलाल उडाला. बुवांनी पाळण्याची दोरी हातात घेतली तेव्हा त्यांना गाता येईना. मंडळी रडत होती आणि हसतही होती. साठीला आलेला माणूस, गाल फुगवून भोंगा करतो, हसू येणारच.

पण वस्ती ती वस्ती. दुसऱ्या दिवसापासून पोरं त्यांना 'भोंगाकाका' म्हणायला लागली. पानाच्या ठेल्यावरचे रिकामे झालेले कामगारही म्हणायचे, "भोंगा भिया, बजा दो यार, ड्यूटी पे जाना है!" बाबूराव हसून हात हलवायचे. सरलाबाईंच्या मात्र ते काळजाला लागायचं. पुढल्या थंडीत बाबूराव गेले. नेताना गल्लीच्या टोकाला कुणीतरी हळूच म्हणालं, "अपना भोंगा गया." म्हणणाऱ्याचे डोळे ओले असतील कदाचित. सरलाबाईंना फक्त तो शब्द ऐकू आला.

त्यानंतर मंदिराचा हॉल मिलच्या मालमत्तेबरोबर दाव्यात अडकला. पाळणा आणि झालर सरलाबाईंनी घरी आणली, कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवली. बायकांनी काही दिवस लेस विणून शीतलामाता बाजारात दिली, घराला तेवढाच हातभार. पण मशीनची लेस आली, मीटरवर मिळणारी, धुतली की चमकणारी, आणि दुकानदार म्हणायला लागले, "आंटीजी, हाथ का कौन पूछता है अब?" कुणी सुदामा नगरला लेकाकडे गेलं, कुणी गाव जवळ केलं. सुया डब्यांत गेल्या.

संग्रहालयाचं वेड मिलच्या शाळेतल्या शरद मास्तरांचं. मंदिराचा हॉल अखेर मोकळा झाला तेव्हा ते दारोदार फिरले. "तुमच्या टीव्हीवर काय आहे ते द्या!" म्हणायचे. लोकांना वाटायचं मास्तरांचं डोकं फिरलं. तरी रुमाल आले, कुंच्या आल्या, आरशाचे पडदे आले. मिलच्या हिशेबनीसांची लेक निवेदिता बडोद्याला कापडाचं शिकून आली होती. तिने एकेक वस्तू कोमट पाण्यात धुतली, सावलीत वाळवली, कुणाच्या हातची ते विचारून चिठ्ठी लावली. पोरगी गुणाची. सरलाबाईंना तिच्याबद्दल तक्रार नव्हती. झालर त्यांनी तिच्याच हातात आपण होऊन दिली होती. फक्त ती लांब पट्टी का लांब, एवढं त्यांनी सांगितलं नव्हतं. चिठ्ठीवर काय लिहिणार? आणि वाचून शाळेतली पोरं काय म्हणणार?

पण दुमडून टाकायची? म्हणजे त्या माणसाने आयुष्यात एकदा रामजन्म पाहिला, तोही काचेमागे, भिंतीकडे तोंड करून.

उद्घाटन रामनवमीलाच होतं. रिकामा पाळणा फुलांनी सजवून हॉलमध्ये टांगला. बुवा आले. फार थकलेले, दोघांनी धरून आणलेले, पण फेटा तोच. बायकांच्या मांडीवर नव्या पट्टीचं सूत फिरायला लागलं, इतक्या वर्षांनी. मंगलाचे टाके वाकडेतिकडे पडत होते. "अगं, खांब घालतेय की खड्डा?" शेजारची पुटपुटली, आणि मंगला म्हणाली, "तू तुझं बघ, तुझी तर साखळी पण कुत्र्याची वाटते."

शरद मास्तर जाम खुशीत. त्यांनी कुठल्याशा चालू कारखान्यात जाऊन भोंग्याचा आवाज कॅसेटवर भरून आणला होता. डेक कोपऱ्यात, बटणावर त्यांचं बोट. "बुवा, या वेळी चिंता नाही," त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. "बाराला बरोबर वाजेल!"

बुवांनी आख्यान धरलं. आवाज पूर्वीचा नव्हता, पण जागा सगळ्या त्याच. भुट्ट्याचा कीस आला, जीरावन आलं, हसू आलं, पाणी आलं. महालात दिवे लागले. वारा थांबला.

आणि खरंच थांबला. पंखे फिरायचे बंद झाले, कपाटातली ट्यूबलाइट विझली. लाइट गेली होती.

मास्तरांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. डेकवर एक थापही मारली. "अरे यार, एमपीईबी!" ते वीज मंडळाच्या नावाने कळवळले.

बुवांचे हात वर होते. चिपळ्या वर. कान फाटकाकडे, जिथे आता फाटकही उरलं नव्हतं. "शरयूचं पाणी..." ते म्हणाले, आणि त्यांना धाप लागली. लांबवण्याइतका दम त्यांच्यात राहिला नव्हता. सुई फिरतच होती, मंगलाकडून पलीकडे, तिथून पुढे. पट्टी सतरंजीला टेकली.

सरलाबाईंनी पुरुषांच्या बाजूच्या त्या खांबाकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. आणि त्यांच्या मनात असं आलं, की हसतील ना? हसू देत. देवाच्या दारातलं हसणं आहे. त्या दिवशी तो माणूस उठला तेव्हा लोक हसतील हे काय त्याला कळत नव्हतं? कळूनच उठला तो.

त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. डोक्यावरचा पदर सारखा केला. दोन्ही हात तोंडाशी धरले.

"भोंऽऽऽऽ..."

बाईचा आवाज, बारीक, मध्येच चिरकलेला. पण खालून चढणारा, मग एका पट्टीत लांब, जसा रोज ऐकला होता तसा.

आणि बायकांचे हात थांबले. कुणी सांगितलं नाही, कुणी एकमेकींकडे पाहिलं नाही. सूत सोडणारीचे, विणणारीचे, पट्टी धरणारीचे, सगळ्यांचे हात एकदम, आणि सुई अर्ध्या खांबाला खाली. बुवांनी डोळे मिटले. "झाला गं झाला!" मंगला ओरडली, गुलाल उडाला, आणि हो, लोक हसले. भरपूर हसले, डोळे पुसत पुसत. सरलाबाईही हसल्या.

सुंठवडा वाटून झाल्यावर निवेदिता नवी पट्टी हातात घेऊन आली. तिने ती काचेवर धरली, आतल्या पट्ट्यांशेजारी. मग दुमडलेल्या त्या लांब पट्टीकडे बघितलं.

"काकू, त्या वर्षी... भोंगा वाजलाच नव्हता का?"

"वाजला गं," सरलाबाई म्हणाल्या. "जरा उशिरा वाजला. तुझ्या काकांनी वाजवला."

निवेदिताने कपाट उघडलं आणि दुमडलेली पट्टी सोडली. मग तिने सुताराला हाक मारली. "भैया, ये नीचे वाली फळी निकाल दो."

"मैडम, धूल जाएगी. कीड़ा लगेगा."

"धूळ मी झटकीन," सरलाबाई म्हणाल्या. "पाला मी घालीन. तू फळी काढ, बाळा."

त्या कपाटाला खालची फळी अजून नाही. लांब पट्टी काचेखालून बाहेर येते आणि जमिनीपासून वीतभर वर थांबते. शाळेची पोरं सहलीला आली की हमखास तिलाच हात लावतात आणि विचारतात, ही एवढी लांब का? तेव्हा सरलाबाई त्यांना खाली बसवतात, बुवांच्या शरयूपासून सुरुवात करतात, आणि गोष्ट त्या जागी आली की म्हणतात, "आता सगळ्यांनी हात तोंडाशी धरा बघू."