आसरांचं पाणी

मी एक जुनी शिळा आहे, मित्रांनो. अंगावर शेंदराचे इतके थर चढले आहेत की माझा मूळचा काळा रंग आता मलाच नीट आठवत नाही. मी तुम्हाला वाटेत दिसले, तर तुम्ही बहुधा लांबूनच हात जोडाल आणि चटकन पुढं निघून जाल. सगळे तसंच करतात. आष्टीकडच्या आमच्या गावात मला आसरा म्हणतात. साती आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. त्या रागावल्या की माणसाला पाण्यात ओढून नेतात, असं लोक मानतात. सातजणींतली मी मधली. मी आजवर कुणालाही ओढलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्याबद्दल तुम्ही भलतंच काही ऐकलं असेल.

माझा जन्म जमिनीच्या पोटातला. गावानं विहीर खणायला घेतली तेव्हा वर काळी माती लागली, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली मी. वडारांनी पहारी घातल्या, सुरुंग लावले. मी तडकून सुटी झाले आणि माझ्या पाठीमागून पाण्याची बारीक धार आली. "लागलं! पाणी लागलं!" म्हणून वरची माणसं नाचायलाच लागली. त्यांनी मला आणि माझ्या सहा बहिणींना वर काढलं, काठावरच्या उंबराखाली ओळीनं बसवलं आणि शेंदूर फासला. कालपर्यंत मी पाण्याच्या वाटेत आडवी पडलेली धोंड होते, आज देवी झाले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

खालून आल्यामुळे मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. विहिरीचं पाणी हे नुसतं विहिरीचं नसतं. पावसाचं पाणी माती पिते, मग मुरूम पितो, मग ते आमच्या अंगावरच्या भेगांमधून मुंगीच्या पावलांनी पुढं सरकतं. वरच्या भेगा एका चांगल्या पावसाळ्यात भरतात. खूप खोलवरच्या भेगा भरायला मात्र पिढ्या जातात. तिथलं पाणी तुमच्या आज्या-पणज्यांच्या अंगावर पडलेल्या पावसाचं असतं.

आमच्या विहिरीला एक रीत होती. उन्हाळ्यात पाणी खाली जाता जाता तळाची पायरी उघडी पडली, की पोहरा सोडणं बंद. "आता ऱ्हाऊ द्या, हे आसरांचं पाणी हाय," असं कुणीतरी म्हणायचं आणि बाया निमूट नदीच्या वाळूत झिरे उकरायला जायच्या. आम्ही काही ते पाणी पीत नव्हतो. ते मासे प्यायचे, बेडूक प्यायचे, भिंतीतल्या कपारीत घरटं करणारे पारवे प्यायचे. विहीर तळाशी ओली राहायची आणि आजूबाजूच्या भेगाही ओल्या राहायच्या. लोक आम्हाला भीत होते, हे खरं. पण त्या भीतीच्या आडोशानं पाणी जपलं जात होतं आणि म्हणून मला तिचा राग नव्हता.

ते दिवस चांगले होते. बाळंतीण बाई पहिल्यांदा पाण्यावर आली की आधी आम्हाला हळदीकुंकू लावायची. कुणी हिरवा खण वाहायचं, कुणी दहीभात ठेवायचं. बायनाबाई याच गावात नवरी होऊन आली, ती कळशी भरून झाली तरी निघायची नाही. सासूनं काय म्हटलं, धाकट्या दिरानं काय खोडी काढली, सगळं मला सांगायची. तिचे केस माझ्यासमोर पांढरे झाले.

मग सलग दोन-तीन वर्षं पावसानं पाठ फिरवली. आमच्या शेजारच्या शेतात बद्रीनाथची मोसंबीची बाग होती. तो माणूस वाईट नाही, मित्रांनो. बापानं लावलेली झाडं डोळ्यांदेखत वाळताना बघून तो आमच्या उंबराखाली बसून ढसाढसा रडला होता. तेव्हापासून त्याच्या मनात भीती बसली. भ्यालेला माणूस साठवू लागतो, आणि किती साठवलं म्हणजे पुरे हे त्याला कळत नाही.

त्यानं बोअरची गाडी आणली. तिचा धडधडाट माझ्या अंगातून जात होता. पांढरी भुकटी उडून उंबराची पानं पांढरी झाली. गाडीची लोखंडी नळी खाली खाली जात राहिली, माझ्या जन्माच्या थराच्याही खूप खाली, आणि तिथलं ते जुनं पाणी वर आलं. बद्रीनाथनं उंचवट्यावर भलंमोठं शेततळं खोदलं, आत काळं प्लॅस्टिक अंथरलं आणि बोअर लावून ते काठोकाठ भरलं. शेततळं खरं तर पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवण्यासाठी असतं. यानं जमिनीच्या पोटात, सावलीत ठेवलेलं पाणी वर आणून उन्हात पसरलं. त्यातलं काही झाडांनी प्यायलं, बरंचसं उन्हानं. त्याचं बघून बाकीच्यांनीही बोअर घेतले. विहिरीची तळाची पायरी उघडी पडली, तिच्याखालचं पाणीही आटलं, आणि या खेपेला 'राहू द्या' म्हणणारं कुणी नव्हतं. बोअरला पायऱ्याच नसतात. कुठं थांबायचं हे दाखवणारं तिथं काहीच नसतं.

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला फार जड जातं. दसरा झाला की आमच्याकडची निम्मी माणसं ऊसतोडीला जातात. बायनाबाईचा लेक-सूनही गेले होते. नात स्वप्नाली शाळेसाठी आजीपाशी राहिली होती. मोठी बडबडी पोर. विहीर कोरडी पडली तरी शाळेतून येताना आत डोकावून स्वतःच्याच नावानं हाक मारायची आणि घुमून आलेल्या आवाजाला उत्तर द्यायची. त्या दिवशी टँकर आला नाही. आजीला ताप होता, म्हणून स्वप्नाली स्टीलची कळशी घेऊन एकटीच शेततळ्याकडे गेली. मी विहिरीवर होते. मध्ये मोसंबीची झाडं होती, त्यामुळे मला काही दिसलं नाही. मला फक्त ऐकू आलं. आधी तिची हाक आली. या खेपेला तिला घुमून उत्तर आलं नाही. मग प्लॅस्टिकवर नखं ओढल्याचा आवाज आला, खर्र, खर्र, पुन्हा पुन्हा. मग तोही थांबला.

ओल्या प्लॅस्टिकला शेवाळ धरतं. त्यावर पाय ठरत नाही आणि हाताला धरायला काही मिळत नाही. पोहता येणारा माणूससुद्धा बाहेर येऊ शकत नाही. पण काठावर तिची चप्पल दिसली आणि गाव म्हणालं, आसरांनी ओढली. पोरीला काढली, माती दिली. प्लॅस्टिककडे कुणी नीट बघितलंही नाही. मी दगड आहे, मला रडता येत नाही. आलं असतं तरी माझं ऐकलं कुणी असतं?

बायनाबाई बद्रीनाथच्या दारात गेली आणि एवढंच म्हणाली, "तळ्याला दोर बांध, बद्री. आजून लेकरं हायेत गावात." बद्रीनाथ भेदरलेलाच होता. त्याला वाटलं, आपण देवींची विहीर कोरडी केली म्हणून हा कोप झाला. तो म्हणाला, "काकू, दोरानं काय व्हतंय? आसराच कोपल्यात. त्यांन्लाच पाण्यावर आणून बसवतो." दोर राहिला बाजूला. त्यानं आम्हा सातजणींना उंबराखालून उपटलं, तळ्याच्या काठावर नेलं आणि पुन्हा कुणी हलवू नये म्हणून मला अर्धी जमिनीत पुरून भोवती सिमेंट ओतलं.

तिथं मला कसं वाटत असेल, याचा विचार करा. समोर काळंशार पाणी. वारा सुटला की काठावरचं सैल प्लॅस्टिक हलायचं आणि तोच आवाज करायचं. खर्र, खर्र. दर वेळी मला वाटायचं, ती अजून चढायचा प्रयत्न करते आहे. बायनाबाई रोज यायची. पूर्वी माझ्याशी सुखदुःखाचं बोलणारी बाई आता माझ्यासमोर उभी राहून मला शिव्या द्यायची. "खाल्लीस न्हवं माझी पोर? आता तिची कळशी तरी दे," असं म्हणायची. ती कळशी कुणाला सापडलीच नव्हती. मी सगळं मुकाट ऐकून घेत होते. तिनं दुसरं कुणाला बोलावं?

पौषातल्या अमावस्येला बद्रीनाथच्या घरून आमची ओटी भरली गेली. माझ्यावर कोरं हिरवं नऊवारी लुगडं पांघरलं होतं. घरची माणसं नैवेद्य दाखवून परतली. बद्रीनाथ मागं राहिला, मोटारीच्या पाईपात काहीतरी अडकलं होतं ते बघायला. त्याचा पाय घसरला. तो सरळ पाण्यात गेला, वर आला, प्लॅस्टिकला झोंबला आणि पुन्हा खाली घसरला. खर्र. माझ्या कानांनी पुन्हा तेच ऐकलं.

तेवढ्यात बायनाबाई तिच्या रोजच्या वेळेला काठावर आली.

"काकू! काकू, काय तरी टाका! वर येता यीना!"

ती उभी राहिली. नुसती त्याच्या हातांकडे बघत राहिली. तिच्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते मी सांगणार नाही, कारण मलाही ते बघवलं नाही. त्याचं डोकं पाण्याखाली गेलं आणि परत वर आलं. मग म्हातारीनं माझ्या अंगावरचं लुगडं ओरबाडून काढलं, त्याचं एक टोक माझ्या कमरेला गुंडाळून गाठ मारली आणि दुसरं खाली फेकलं.

बद्रीनाथनं ते धरलं. त्याचा सगळा भार माझ्यावर आला. मित्रांनो, होतं नव्हतं तेवढं बळ लावून मी जमिनीत रुतून राहिले. मी माणसं पाण्यात ओढते, असा आळ माझ्यावर जन्मभर होता. त्या दिवशी मी एका माणसाला सोडलं नाही.

तो वर येऊन पालथा पडला, खोकला, आणि माझ्या पायाशी डोकं टेकून म्हणाला, "आसरानं वाचिवलं."

"आसरानं न्हाई, लुगड्यानं वाचिवलं," बायनाबाई म्हणाली. मग ती त्याच्याजवळ खाली बसली. "माझी स्वप्नाली बी आशीच वरडली आसंल, बद्री. तिच्यासाठी हितं काईच न्हवतं."

तो लहान मुलासारखा रडला. दुसऱ्याच दिवशी तळ्याच्या चारी बाजूंनी जाड दोर सोडले गेले, त्यातला एक माझ्या कमरेला बांधला, दोरांना टायरच्या ट्यूब बांधल्या गेल्या आणि भोवती जाळीचं कुंपण आलं. त्या उन्हाळ्यात बद्रीनाथनं बोअरचं पाणी तळ्यात सोडलं नाही, झाडांना थेंबाथेंबानं दिलं. काही झाडं वाळली. तळं आटत आटत तळाला गेलं आणि गाळात कळशी दिसली. बद्रीनाथ दोराला धरून उतरला आणि ती स्वतः बायनाबाईकडे घेऊन गेला. तिनं ती राखेनं घासून लख्ख केली, असं मी ऐकलं.

पावसाळ्याआधी माझ्या सहा बहिणी उंबराखाली परत गेल्या. मलाही न्यायला आले होते. बायनाबाई आडवी आली. "हिला ऱ्हाऊ द्या. हिच्या अंगाला दोर हाय." म्हणून मी इथंच आहे. पाऊस झाल्यावर ती एकदा माझ्यापाशी येऊन टेकली. स्वप्नालीची कळशी तिच्या काखेत होती, रिकामी. "हिरीत पाणी आलंय गं," ती म्हणाली, "पर तळाच्या पायरीखालीच हाय. न्हाई काढलं." कितीतरी दिवसांनी ती मला शिवी न देता बोलली होती.

गावातले बाकीचे बोअर अजून चालूच आहेत, त्यामुळे सगळं छान झालं असं काही मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, तुमच्या गावातल्या विहिरीत कधी डोकावून बघा. तळाची पायरी उघडी दिसली, तर मोठ्या माणसांना मोठ्यानं सांगा, 'आता राहू द्या.' आणि शेततळ्याला दोर नसेल, तर तो बांधून होईपर्यंत तुमच्या मोठ्यांना स्वस्थ बसू देऊ नका. आमच्या नावानं ओटी नाही भरलीत तरी चालेल.

वारा सुटला की प्लॅस्टिक अजून वाजतं. मी दोर धरून ठेवते.