चिंचेनं घासलेला गिअरबॉक्स

खंडेनवमी शनिवारी आली, म्हणून उल्हासने सासऱ्यांना जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनच्या आपल्या वर्कशॉपमध्ये हत्यारांच्या पूजेला नेलं. वासुदेवराव भोसरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं फोरमन होते. नोकरी संपली होती, फोरमनकी नव्हती.

"नाना, मी फुलं घेऊन येतो. पान्यांना हळदकुंकू लावा, बाकी कशालाही हात लावू नका."

"जावईबापू, वर्कशॉप काय असतं ते आता तुम्ही मला शिकवणार?"

बाकी म्हणजे टेबलावरचं एक केसिंग. १९७२च्या स्पोर्ट्स कारच्या गिअरबॉक्सचं, मॅग्नेशियमचं. पन्नास वर्षांच्या तेलकट मळाखाली त्याचा कारखान्यातला तपकिरी-सोनेरी थर शाबूत राहिला होता. असा दुसरा नमुना पृथ्वीवर नाही, असं गाडीचे मालक हेर कोल्ब (जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत) सांगत. उल्हासने तो मळ अकरा आठवडे कान साफ करायच्या काड्यांनी काढला. थर पुन्हा चढवता येतो, पण मग तो मूळ राहत नाही, आणि या धंद्यात मूळ हाच देव. दहा वाजता परीक्षक बाई येणार होत्या. त्यांनी 'मूळ' असा शेरा दिला की उल्हासचं नाव मोजक्या कारागिरांच्या यादीत चढणार होतं. त्या यादीतलं एकही नाव उच्चारताना आजवर कुणा जर्मन माणसाची जीभ अडखळली नव्हती.

शेवंती घेऊन तो परतला, तेव्हा केसिंगची वरची बाजू चांदीच्या ताटासारखी लखलखत होती. आणि बारीक फसफसत होती.

"चिंच," वासुदेवराव म्हणाले. "लेकीच्या स्वयंपाकघरातनं आणली. काय हो हा गंज! पूजेला असं ठेवतात?"

उल्हासने झटकन केसिंग उलटं केलं. खालच्या बाजूला चिंच पोचली नव्हती. तपकिरी थर होता, मूळ कारखान्यातल्या तपासनिसाने ब्रशने मारलेली हिरवी खूणही होती. अर्धं तरी वाचलं होतं. अर्ध्यावरही बाई कदाचित शेरा देतील.

तेवढ्यात हेर कोल्ब आले. निवृत्त दंतवैद्य, सहा फूट दोन इंच. त्यांनी केसिंग पाहिलं, मग म्हाताऱ्याच्या मुठीतला चिंचेचा चोथा पाहिला.

"आल्झो," म्हणजे 'असं तर', ते म्हणाले. कोट काढून नीट खुंटीला लावला. मग वासुदेवरावांची मान धरून त्यांचं कपाळ टेबलावर आपटलं. पहिल्या खेपेला समई आडवी झाली. दुसऱ्या खेपेला कपाळ फुटलं.

"हेर कोल्ब, बिट्टे!" उल्हास ओरडला. अशा वेळीही आपण 'कृपया' म्हणतो, याची त्याला लाज वाटली. कोल्बचं कोपर त्याच्या तोंडावर बसलं आणि पुढचा एक दात जमिनीवर पडला. आयुष्यभर दात बसवलेल्या माणसाने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"सोड, रांडेच्या!" वासुदेवराव शुद्ध भोसरीत गरजले आणि त्यांनी कोल्बच्या मनगटाचा चावा घेतला. कोल्बने कुंकू लावलेला लांब पाना उचलून त्यांच्या हातावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज स्पष्ट आला. म्हातारा खाली बसला. पाना पुन्हा वर गेला, या वेळी डोक्याच्या दिशेने.

हातोडा टेबलाच्या पलीकडे होता. अलीकडे फक्त केसिंग होतं.

उल्हासने एक क्षण, खरं सांगायचं तर दोन, हिरव्या खुणेकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी केसिंग उचलून कोल्बच्या डोक्यात घातलं. मॅग्नेशियम हलकं, एका घावात भागेना. तिसऱ्या घावाला केसिंगचा कान तुटून उडाला आणि कोल्ब गुडघ्यांवर आले. चौथा घाव गरजेचा नव्हता. तोही त्याने घातला.

दहा वाजता, ठरल्या मिनिटाला, परीक्षक बाई आल्या. कोल्बना स्ट्रेचरवर घालून नेलं होतं, श्वास चालू होता. अँब्युलन्सवाले वासुदेवरावांच्या मोडलेल्या हाताला पट्टी बांधत होते. दारात दोन पोलीस उभे होते. बाईंनी टॉर्च काढला, जमिनीवर वाकून एका तुकड्यावरची हिरवी खूण बराच वेळ न्याहाळली.

"हा तुकडा मूळ आहे," त्या म्हणाल्या. "अप्रतिम काम. पण बाकीचं कुणी केलं?"

वासुदेवरावांनी मान वर केली. कपाळावरचं रक्त डोळ्यात उतरत होतं. प्रश्न जर्मनमध्ये होता, तरी तो आपल्याबद्दलच आहे हे त्यांना कळलं होतं.

"मी केलं," उल्हास रक्त गिळत म्हणाला.

"मोडतोड?"

"हो."

"आणि वरचं आम्ल?"

"तेही मीच."

बाईंनी टॉर्च बंद केला.