उचलून ओढायचे दार

मी एक जुनी मार्शरुत्का आहे. बिश्केक शहरात आमच्यासारख्या लहान प्रवासी गाड्यांना हेच म्हणतात. आता मला चाके नाहीत. 'जोड्यांचा कारखाना' या स्टॉपजवळ विटांच्या चार थरांवर मला टेकवून ठेवले आहे आणि माझ्या पोटात बसून झामीला एजे, म्हणजे झामीलाताई, सामसे (तंदुरात भाजलेले मांसाचे समोसे) आणि चहा विकतात. मित्रांनो, मी दिसायला गरीब आहे, पण मनात धरून ठेवणारी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी नाक मुरडू नका.

माझा जन्म जर्मनीतला. तिथे मी पाव वाहत असे. वय झाल्यावर मला इकडे आणले, माझ्या बाजू कापल्या, खिडक्या बसवल्या आणि आत आसने जोडली. फार दुखले. त्या कापाकापीत माझे सरकते दार जरासे वाकले, ते कायमचेच. पण माझा पहिला चालक ओरोझबाय भला माणूस होता. दाराचा खालचा कोपरा बोटभर उचलायचा आणि मग ओढायचे, की मी अलगद सरकते, हे त्याला पहिल्याच दिवशी कळले. चढणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, "उचला, मग ओढा. म्हातारीशी भांडू नका!" थंडीत तो आपल्या घरची रजई माझ्या बॉनेटवर घालायचा. अकरा वर्षे त्याने मला असे सांभाळले आणि मीही त्याला एकदासुद्धा वाटेत सोडले नाही.

त्याचे गुडघे गेले आणि मी केनेशच्या हाती आले. केनेश दार उचलत नसे, लाथ घालत असे. आठ वर्षे, दिवसातून वीस वेळा. आमच्या गाड्यांत उतरायचे तर चालकाला ओरडून सांगावे लागते, म्हणून दाराच्या आतल्या बाजूला त्याने एक चिठ्ठी चिकटवली: 'ज्याचा आवाज निघत नाही, त्याचा स्टॉप येत नाही.' प्रवासी वाचून हसत. मलाही आधी ती गंमतच वाटली होती, हे कबूल करते.

एका सकाळी बुरुलचा नावाची मुलगी चढली. डोंगरातल्या अत-बाशी गावाहून विद्यापीठात शिकायला आलेली, शहरात नवी. तिकडे गावात एकच गाडी, चालकाला प्रत्येकाचे घर ठाऊक, आणि थोरल्या माणसावर कुणी आवाज चढवत नाही. तिची नऊ वाजता तोंडी परीक्षा होती. वह्या छातीशी धरून ती पुटपुटत उजळणी करत होती. स्टॉप जवळ आला तशी ती, थोरल्या भावाला हाक मारावी तशी, अगदी हळू म्हणाली, "बाइके, तुलपार रस्त्याला थांबवाल का?"

केनेशने आरशात पाहिले. त्याने ऐकले होते. शपथेवर सांगते, त्याने ऐकले होते.

"कोण बोललं? माशी गुणगुणली वाटतं!" तो म्हणाला. सगळे हसले.

"तुलपार रस्ता, बाइके."

"असला स्टॉप माझ्या गाडीला नाही गं बाई. घोड्यांच्या बाजारात विचार!"

"पण पाटीवर तसंच लिहिलंय..."

"मग पाटीलाच सांग, थांबव म्हणून!"

पाटीवर तुलपार रस्ता असेच आहे, मित्रांनो; तुलपार म्हणजे आमच्या गोष्टींतला पंखांचा घोडा. पण शहरातले सगळे त्या स्टॉपला जोड्यांचा कारखाना म्हणतात. तो कारखाना बुरुलचाच्या जन्माआधीच बंद पडला. आता तिथे दोन मजली दुकान आहे. हे त्या पोरीने कसे ओळखावे? तिने तीनदा विनवले आणि तीनदा केनेशने वेग वाढवला. शेवटच्या थांब्यावर माझ्या मागच्या आसनावर बसून ती आवाज न करता रडली.

"रडतेस काय? शहरात राहायचं तर तोंड उघडायला शिक," केनेश म्हणाला आणि दाराला लाथ मारून त्याने तिला उतरवले.

ती पोचली तेव्हा परीक्षेची खोली बंद झाली होती. महिन्याने समितीपुढे एक शेवटची संधी होती. तीही हुकली, तर नाव कापून गावी परत. त्यानंतर ती कुठल्याच गाडीत चढली नाही. रोज सकाळी मी तिला रस्त्याच्या कडेने चालत जाताना पाहत असे. समितीच्या दिवशी घोट्याच्या वर बर्फ होता. केनेशने तिला ओळखले, भोंगा वाजवला आणि माझे चाक मुद्दाम चिखलपाण्यात घालून तिचा कोट भिजवला. माझ्या चाकाने! त्या दिवशी मी ठरवले, याला सोडायचे नाही. पण धावत्या गाडीला सूड घेता येत नाही, मित्रांनो. तिचे सुकाणू दुसऱ्याच्या हाती असते.

मग मोठ्या बस आल्या आणि आम्हाला रस्त्यावरून काढले. केनेशने मला विकले आणि मागे वळूनही पाहिले नाही. झामीला एजेंना माझ्या दाराची खोड दोन दिवसांत सापडली. आणि एके सकाळी चहा प्यायला कोण आले असेल? बुरुलचा! आता ती तिसऱ्या वर्षाला होती. म्हणजे समितीपुढे ती पास झाली होती. जाताना दाराच्या आतली अर्धी फाटलेली चिठ्ठी तिने वाचली आणि तिथेच थबकली. मग एजेंनी सांगितले तसे हळूच दार उचलले आणि ओढले. तेव्हापासून ती रोज येते.

गेल्या हिवाळ्यात, दहा वाजायला पंधरा मिनिटे असताना, केनेश धापा टाकत आत शिरला. अर्धवट उघडे दार त्याने आपल्यामागे धाडकन लावून घेतले. एजे बाहेर तंदूरपाशी होत्या. आत बुरुलचा एकटीच चहा पीत होती.

"पोरी, मोठ्या बसांवर चालक घेतात ते ऑफिस कुठंय? दहाला दार बंद करतात, आणि मला आजचंच बोलावणं आहे! काचांवर बर्फ, बाहेरचं काही दिसेना, आणि बसमधली ती रेकॉर्डातली बाई तुलपार-तुलपार करत बसली, जोड्यांचा कारखाना म्हणालीच नाही. दोन स्टॉप पुढे गेलो!"

"मागच्या गल्लीत, बाइके. दोन मिनिटांवर," बुरुलचा म्हणाली.

तो वळला, दार ओढले. मी हलले नाही. त्याने लाथ घातली. मी खाचेत आणखी घट्ट बसले. आठ वर्षांच्या लाथा माझ्या अंगात होत्या, त्यांचाच जोर लावला.

"उचलून ओढा, बाइके," बुरुलचा म्हणाली. अगदी हळू, त्या दिवशीच्याच आवाजात.

"काय भंगार आहे हे! एजे! ओ एजे!" तो दार बडवू लागला.

"उचलून ओढा."

तो शिव्या देत होता, त्याला कसे ऐकू जाणार? तिने तिसऱ्यांदाही सांगितले आणि कपातला चहा संथपणे घोटघोट पीत राहिली. दहा वाजले.

"नुसती बसलीयस काय? तोंड उघड की!" तो ओरडला.

"मघापासून बोलतेय, बाइके," ती म्हणाली आणि तिने चिठ्ठीकडे बोट केले.

त्याने वाचले. मग छताकडे पाहिले, खिडक्यांकडे पाहिले. मला ओळखले, आणि मग तिला. त्याचा चेहरा पडला आणि मला इतके बरे वाटले की काय सांगू!

दहा वाजून दहा मिनिटांनी बुरुलचाने कप ठेवला, एका बोटाने दार उचलले आणि ओढले. "तुमचा स्टॉप आला," ती म्हणाली.

मित्रांनो, गाडीचे दार हळू लावा आणि हळू बोलणाऱ्याचे नीट ऐका. क्षमा करणाऱ्या गाड्याही जगात असतील. मी त्यातली नाही. झामीला एजे परवा म्हणत होत्या, वसंतात माणूस बोलावून दार सरळ करून घेऊ. बुरुलचाने सामशाचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "राहू द्या, एजे. असंच बरं आहे."