हाराचे हुक

हैदराबादेत, चिक्कडपल्लीच्या बाजारात गोविंद उमरीकरचं फोटो फ्रेमचं दुकान होतं. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो असं सगळं तो करायचा, पण खरी भाकरी मेलेल्यांवर. आता गिऱ्हाईक फोटो घेऊन आलं की "हे गेले का?" असं तोंडावर विचारता येत नाही. म्हणून गोविंद मान तिरकी करून विचारायचा, "हाराचे हुक लावायचे का?" हो म्हटलं की समजायचं, फोटोतला माणूस वर पोचला. मग फ्रेमच्या वरच्या कोपऱ्यांत दोन पितळी हुक, त्यांवर चंदनाचा हार. जिवंत माणसाच्या फ्रेमला हुक नसतात. धंद्याचं शास्त्र एवढंच. आणि बापाने घालून दिलेला एक नियम: आलेला फोटो न मढवता परत करायचा नाही, आणि गिऱ्हाईक घेऊन जाईपर्यंत तयार फ्रेम भिंतीवर टांगून ठेवायची.

बाकीचा वेळ खोड्या. पन्नाशी उलटली तरी गोविंदच्या अंगातला किडा मेला नव्हता. एकदा फार घासाघीस करणाऱ्या एका वकिलाची फ्रेम त्याने हुक लावून घरी पाठवली. वकिलाच्या म्हाताऱ्या आईने कागद सोडला, हुक बघितले आणि तिथंच आडवी झाली. तोंडावर पाणी मारून उठवावं लागलं तिला. गोविंद आठवडाभर हसत होता.

इंदुमतीकाकू दुकानात आल्या तेव्हा तो बबलूबरोबर चहा पीत होता. बबलू म्हणजे समोरचा मोबाईलवाला; टक्कल पडलं, पोरगी कॉलेजला गेली, तरी बबलूच. काकूंच्या एका हातात त्यांच्या यजमानांचा, माहूरकर मास्तरांचा फोटो, दुसऱ्या हातात एक जाडजूड पुस्तक.

"वर्षश्राद्धाच्या आधी पाहिजे रे फ्रेम."

"हुक लावू ना, काकू?"

"लाव बाबा. आता काय राहिलंय." मग त्यांनी पुस्तक काउंटरवर आपटलं. "आणि हे वाच."

पुस्तक एकनाथराव बिलोलीकरांचं. कधीकाळचे मंत्री, आणि हैदराबादच्या मराठी माणसांचे आपणहून झालेले मायबाप. आत्मचरित्र होतं, नावात 'संघर्ष' होता. काकूंनी जे पान दुमडलं होतं त्यावर छापलं होतं, की हिमायतनगरची मराठी शाळा बुडाली ती मुख्याध्यापक केदारनाथ माहूरकरांमुळे. त्यांनीच आतून बिल्डरशी संधान बांधलं आणि जागा देऊन टाकली. एकनाथराव बिचारे मंत्री असूनही डोळ्यांत पाणी आणून बघत राहिले.

गोविंद त्याच शाळेत शिकलेला. मास्तरांच्या छड्या त्याने पोटभर खाल्ल्या होत्या. बुलडोझर आला त्या दिवशी मास्तर फाटकात आडवे पडले, पोलिसांनी हातपाय धरून त्यांना बाजूला टाकलं, हे अख्ख्या गल्लीने पाहिलं होतं. पोलीस कुणाच्या फोनवर आले तेही गल्लीला माहीत होतं. त्या जागेवर आता झगमगीत फंक्शन हॉल उभा होता. हॉल एकनाथरावांच्या मेहुण्याचा. आणि पुस्तकाचा सोहळाही तिथंच.

"लोक विचारायला लागलेत मला," काकू म्हणाल्या. "काल देवळात ती रेणू म्हणते, 'मास्तरांनी असं कसं केलं हो, काकू?' गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, गोविंदा. मला दुसरं काही नको. त्या एकनाथाने माईकवर, चारचौघांत म्हणावं, की मास्तरांनी जागा दिली नाही. एक वाक्य. कार्यक्रमात लोकांनी बोलायचं आहे म्हणे. मी विचारणार."

बबलू फिस्सकन हसला. "माईक मिळाला तर ना, काकू! तिथं प्रश्न ठरलेले असतात. 'साहेब, या वयात एवढा उत्साह कसा?' असले. माईक त्यांच्या पुतण्याच्या हातात, त्या सौरभच्या. तुम्हाला बघितलं की माईक पार गावाच्या दुसऱ्या टोकाला, मेहदीपट्टणमला नेऊन ठेवील तो."

गोविंदने पुस्तकात खोचलेली सोहळ्याची पत्रिका उघडली. आधी स्वाक्षऱ्या, मग 'वाचकसंवाद': सही घेतलेले पहिले काही वाचक साहेबांनी आपल्यासाठी लिहिलेला संदेश मंचावर येऊन स्वतः वाचून दाखवतील. मग स्नेहभोजन.

गोविंदचे डोळे मांजरासारखे चमकले. साहेबांची सही त्याने लग्नांत, गणपतीच्या मांडवात किती वेळा पाहिली होती. मान वर करायची नाही. नाव ऐकायचं, नाव लिहायचं, खाली 'उदंड आयुष्य लाभो' खरडायचं, पुढचा!

"काकू, तुम्ही सही घ्यायची. फक्त नाव स्वतःचं नाही सांगायचं. मास्तरांचं सांगायचं."

काकूंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी रंग आला.

"ज्याचं वाटोळं केलं, पुस्तकात ज्याला बदनाम केलं, त्याला हा माणूस उदंड आयुष्य लिहून देणार," गोविंद म्हणाला. "तुम्ही ते माईकवर वाचायचं आणि विचारायचं. भर मांडवात धोतर सुटल्यावर माणूस खरं नाही बोलणार तर काय करणार?"

"मस्करी नको हं, गोविंदा. तुझ्या त्या वकिलासारखी. माझ्यासाठी ही मस्करी नाही."

"तुमची शप्पथ, काकू."

शप्पथ खरी होती. पण एवढी झकास युक्ती एकट्या काकूंवर खर्च करायची, हे त्याच्या जिवावर आलं.

हॉल गच्च भरला होता. पुढच्या खुर्च्यांवर साहेबांचे तेलुगू पाहुणे, मागे मराठी मंडळी, त्यांच्या मागे निव्वळ बिर्याणीच्या वासावर आलेली. गोविंद सगळ्यांच्या आधी रांगेत. मागे त्याची बायको त्रिवेणी, तिच्यामागे बबलू, आणि बबलूच्या मागे काकू, इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत, पुस्तक पोटाशी धरून.

"मला पुढे जाऊ दे ना रे," काकू हळूच म्हणाल्या.

"आधी हवा तर गरम होऊ द्या, काकू."

सौरभने वाकून विचारलं, "नाव?"

"मोतीराव," गोविंदने गंभीर तोंडाने सांगितलं. एकनाथरावांनी मान वर केली नाही. पेन सरसर चाललं.

त्रिवेणीने सांगितलं, "भामाबाई उमरीकर." भामाबाई तिची सासू, चार दिवाळ्यांमागे गेलेली. बबलूने आपल्या कै. मामाचं नाव सांगितलं. तिथंही पेन सरसर चाललं.

"नाव, आजी?"

"केदारनाथ माहूरकर."

पेन थांबलं. गोविंदला वाटलं, शाई अडली असेल. एकनाथरावांनी मान काही वर केली नाही. पेन पुन्हा चालू झालं, आणि काकूंच्या हातात पुस्तक आलं.

संवाद सुरू झाला. सौरभने पहिला माईक गोविंदला दिला. गोविंदने चष्मा लावला, खाकरला आणि कीर्तनकाराच्या थाटात वाचलं, "श्रीयुत मोतीराव यांस, उदंड आयुष्य लाभो. आपला, एकनाथ." टाळ्या पडल्या. "साहेब, फार उपकार झाले. पण मोतीराव मागच्या पोळ्याला ट्रकखाली गेले हो! माझ्या दुकानाच्या पायरीवर झोपायचे. शेपूट पांढरं होतं."

मराठी बाजू हसून फुटली. पुढच्या तेलुगू पाहुण्यांना शेजाऱ्यांनी समजावून सांगितलं. "कुक्का? निजंगा कुक्का?" खरंच कुत्रा? मग ते हसले, तोवर मागचे दुसऱ्यांदा हसायला लागले होते. एकनाथरावांचा चेहरा पांढराफटक. सौरभ माईक परत मागत होता, पण गोविंदने तो आधीच त्रिवेणीकडे सरकवला होता.

"माझ्या सासूबाईंना उदंड आयुष्य दिलंत, साहेब," त्रिवेणी पदर सावरत म्हणाली. "ज्या गोष्टीची मला जन्मभर भीती होती, ती तुम्ही लेखी दिलीत!"

लोक खुर्च्यांवरून घसरत होते. बबलूचा मामा दारू पिऊन हुसेन सागरात पडलेला. त्यालाही उदंड आयुष्य. मागच्या रांगेत कुणाला तरी ठसका लागला. एकनाथराव आता रुमालाने कपाळ पुसत होते, आणि त्यांचे बारीक डोळे हळूहळू सगळ्या हॉलवरून फिरत होते. कुठे काय शिजतंय हे जन्मभर ज्याने वासावरून ओळखलं, तो माणूस वास घेत होता.

मग माईक काकूंकडे आला.

त्यांनी पुस्तक उघडलं. मास्तरांच्या बायकोचा आवाज, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "केदारनाथ माहूरकर यांस," त्यांनी वाचलं, "उदंड आयुष्य लाभो."

आणि हॉल हसला. काकूंनी अजून काही म्हटलंही नव्हतं. लोकांचे गाल आधीच दुखत होते, तोंडं आधीच उघडी होती, सगळे पुढच्या विनोदाची वाट बघत होते. काकू थांबल्या. त्या थांबल्या म्हणून लोक आणखी हसले. आणि तेवढ्यात शेजारूनच कुणीतरी ओरडलं, "हा कोण, जर्मन शेफर्ड?"

बबलूच तो. सवयीचा गुलाम. ओरडल्यावर त्याने स्वतःच जीभ चावली, पण गोळी सुटली होती. हॉल उभा राहून हसला.

गोविंदही हसला. शिंक यावी तसं हसू आलं. आवरायला तोंडावर हात न्यायच्या आत तोंड उघडलं होतं, दाढा दिसेपर्यंत. नेमका तेव्हाच फोटोवाल्याचा फ्लॅश पडला.

एकनाथरावांना पाहिजे तो वास मिळाला. ते उठले, दुसरा माईक घेतला, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. "वाह रे गोविंदा! मारलंस आज मला! अहो, मेलेल्यांना आयुष्य देणारा, कुत्र्यालाही आशीर्वाद देणारा पुढारी दुसरा कुठे मिळेल तुम्हाला?"

टाळ्यांचा पाऊस.

"मास्तरांनी जागा दिली नाही," काकू म्हणत होत्या. "तुम्ही म्हणा. एकदा म्हणा तुम्ही." पण सौरभने माईक केव्हाच त्यांच्या बोटांतून सोडवून घेतला होता. "थँक्यू आजी, सो स्वीट." पहिल्या रांगेने काकूंचे ओठ हलताना पाहिले, एवढंच. एकनाथरावांनी येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हसू तसंच ठेवून हळूच बोलले. गोविंद जवळ होता, त्याला ऐकू आलं.

"वहिनी, नाव ऐकलं होतं मी. जेवून जा."

जेवणाच्या वेळी साहेबांनी गोविंदला हाताला धरून आपल्या टेबलावर बसवलं. स्वतःच्या चमच्याने त्याच्या पानात पावाचा डबल का मीठा वाढला. "तुझ्यासारखी माणसं पाहिजेत, गोविंदा. पुस्तक कोण लक्षात ठेवणार होतं? आता सगळं हैदराबाद ठेवील." गोविंदने दोनदा मागून घेतला. गोड होताच.

"काकू जेवल्या नाहीत," त्रिवेणी येऊन म्हणाली. "पुस्तक खुर्चीवर टाकून गेल्या."

"उद्या बघू गं."

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सोहळ्याचा व्हिडिओ मोबाईलमोबाईलवर फिरला होता. जर्मन शेफर्ड. काकूंच्या त्या थांबण्यावर कुणीतरी ढोल वाजवल्याचा आवाज जोडला होता. आता देवळात रेणू काकूंना काही विचारत नव्हती. मास्तरांनी असं का केलं, असं कुणीच विचारत नव्हतं. काकू पायरी चढल्या की बायका एकमेकींकडे बघून ओठ दाबायच्या, आणि एखादीचं हसू नाकातून बाहेर पडायचं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी काकू दुकानात आल्या. गोविंदने फ्रेम तयार ठेवली होती; सागवानी पट्टी, सगळ्यात चांगली काच. त्याने मनाशी चार वाक्यं जुळवली होती. काकूंनी ती त्याला बोलू दिली नाहीत. मास्तरांची फ्रेम उजेडात धरली, दोन्ही हुक बोटाने ओढून बघितले, पिशवीत घातली. मग कंबरेच्या बटव्यातून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढून काउंटरवर ठेवलं.

सोहळ्याचा फोटो. पेपरात छापला तेव्हा पुढे माईक धरलेल्या काकू, आसपास मंडळी, आणि मागे गोविंद, दाढा दिसेपर्यंत तोंड उघडलेला. काकूंनी कात्रीने बाकीचे सगळे कापून टाकले होते. उरला होता एकटा गोविंद.

"हा पण करून ठेव. मास्तरांच्याच मापाचा."

"काकू, त्या दिवशी..."

"माप घेतलंस?"

हाताला सवय असते, जिभेलाही. गोविंदच्या तोंडून नेहमीचंच निघालं. "हाराचे हुक..."

"लाव."

"अहो काकू, मी जिवंत आहे अजून!"

"दिसतंय मला," काकू म्हणाल्या. "मला घाई नाही. उदंड आयुष्य लाभो."

आणि गेल्या.

बबलूने ऐकलं तेव्हा तो पोट धरून हसला. "उस्ताद, म्हातारीने तुझीच खोडी काढली रे!" गोविंदनेही हसून पाहिलं. जमलं नाही. फोटो परत करायचा नाही, बापाचा नियम. एका दुपारी गिऱ्हाईक नसताना त्याने फ्रेम केली. हुक लावू नयेत असं ठरवलं होतं, पण दारातून काकू जाताना दिसल्या आणि त्याने लावले. नंतर पक्कड घेऊन उपटायला गेला, तर त्रिवेणी ओरडली, "हात नका लावू! मढवलेला फोटो फोडायचा नसतो, अपशकुन होतो."

काकू फ्रेम न्यायला काही आल्या नाहीत. ती भिंतीवरच आहे, न नेलेल्या मयतांच्या रांगेत. नवीन गिऱ्हाईक आधी तिच्याकडे बघतं, मग काउंटरमागच्या माणसाकडे, आणि मग जरा मागे सरकतं.

दर गुरुवारी देवळात जाताना काकू दुकानाच्या दारात थांबतात. बोलत नाहीत. आत डोकावून फोटोला हार चढला का एवढं बघतात आणि पुढे जातात.